विश्वासाचा डॉक्टर

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर. काही मित्रांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून काढला आहे.)



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. कार्यक्रमपत्रिकेवर 'आरोग्यविषयक व्याख्यान' असे छापलेले पाहून आपण आला असाल, तर आपली थोडी फसगत झाली आहे. मी डॉक्टर नाही. पस्तीस वर्षे ब्लास्ट फर्नेसच्या धगीत काढलेला मी एक साधा माणूस. मंडळाने आधी दोन डॉक्टरांना विचारले होते. एकांना वेळ नव्हता. दुसऱ्यांनी विषय ऐकला आणि हसून हात जोडले. मग आपले सेक्रेटरी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "काका, तुम्ही इतकी हॉस्पिटले पाहिली आहेत, तुम्हीच बोला." तेव्हा आज डॉक्टरांच्या जागी रोगी बोलणार आहे. गोड मानून घ्या.

विषय आहे विश्वासाचा डॉक्टर कसा शोधावा. चार मराठी माणसे एकत्र बसली की हल्ली हा विषय निघतोच. पूर्वी आपण विचारायचो, पोळ्या करायला बाई कुठे मिळेल, गावी जायचे रिझर्व्हेशन कसे मिळेल. आता विचारतो, गुडघ्यासाठी कोणाकडे जावे, तो खरे सांगेल का. या दुसऱ्या प्रश्नात जी भीती आहे, तिच्याबद्दल मला बोलायचे आहे.

माझे लहानपण वर्धा जिल्ह्यातले. आमच्या गावात एकच डॉक्टर होते. टेबलावर स्टेथोस्कोप, मागे कंपाउंडर, आणि लाल मिक्स्चरची बाटली. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवलेली असे आणि डोसाच्या मापाने ती कातरलेली असे. आमच्या तीन पिढ्या त्यांना ठाऊक होत्या. आईचे डोके दुखले तर गोळी देण्याआधी विचारत, "सासूबाई आल्या आहेत वाटतं?" पैसे असले तर घ्यायचे, नसले तर सुगीवर भागायचे.

पण त्या दिवसांचे मी फार गोडवे गाणार नाही. माझी धाकटी बहीण घटसर्पाने गेली, त्याच डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत. त्यांच्या हातात माया होती, साधने नव्हती. आज साधने आहेत. अँजिओप्लास्टी आहे, एमआरआय आहे, गुडघा बदलता येतो. म्हणून जुने दिवस परत यावेत असे मला मुळीच वाटत नाही. आजची साधने आणि त्या डॉक्टरांची नजर एकाच ठिकाणी मिळावी, एवढेच मागणे आहे.

१९७४ साली मी भिलाईला आलो. इथे आपल्याला डॉक्टर शोधावा लागलाच नाही. मेडिकल बुक घ्यायचे, रांगेत उभे राहायचे आणि सेक्टर ९ च्या हॉस्पिटलात जायचे. रांगेला आपण किती शिव्या दिल्या! पण एक गोष्ट तेव्हा लक्षात आली नाही. समोरच्या डॉक्टरने माझे ऑपरेशन केले काय किंवा न केले काय, त्याच्या पगारात एका रुपयाचा फरक पडत नव्हता. त्यामुळे त्याच्या सल्ल्यात चूक असू शकेल, पण लोभ नव्हता. हे कळायला मला २००२ साल उजाडावे लागले.

त्या वर्षी आमच्या सौ.ला पाळीचा त्रास सुरू झाला. वय शेहेचाळीस. दहा-दहा दिवस रक्तस्राव, चेहरा पांढराफटक. रांगेचा कंटाळा म्हणून आम्ही एका नव्या खासगी हॉस्पिटलात गेलो. काचेची दारे, थंडगार हवा, काउंटरवर हसून बोलणारी मुलगी. सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी पाच मिनिटांत निकाल दिला: "गर्भाशयात गाठी आहेत. दोन मुले झाली ना? मग आता या पिशवीचा उपयोग काय? उद्या कॅन्सर झाला तर? सोमवारी ॲडमिट व्हा." पंचवीस हजार रुपये भरायचे होते. घरी येताना आम्ही दोघे एक शब्द बोललो नाही. कॅन्सर हा शब्द एकदा कानावर पडला की दुसरे काही ऐकू येत नाही.

आमच्या शेजारी एक मल्याळी सिस्टर राहत असत. कंपनीच्या हॉस्पिटलातच नोकरीला होत्या. आमच्या बॅगा भरलेल्या पाहून त्यांनी विचारले आणि सगळे ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "भाईसाहब, ऑपरेशन तो कभी भी हो जाएगा. पहले एक बार हमारी मैडम को दिखा लो." सौ.नेही धीर केला. मला म्हणाली, "अहो, निघालेली पिशवी परत लावता येत नाही. दोन दिवस थांबू."

त्या मॅडमनी अर्धा तास घेतला. त्रास केव्हापासून, आईची पाळी कोणत्या वयात गेली, थायरॉइड आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, सगळे विचारले. तपासले. हिमोग्लोबिन आठ निघाले. मग त्यांनी गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा लहानसा तुकडा काढून तपासणीला पाठवला. म्हणाल्या, या वयात असा रक्तस्राव असेल तर ही तपासणी केलीच पाहिजे, तिच्याशिवाय काही ठरवू नये. आठ दिवसांनी अहवाल आला. दोष काही नव्हता. "या गाठी सहसा कॅन्सरच्या नसतात. पाळी बंद झाली की बहुधा आकसतात. लोहाच्या गोळ्या घ्या, रक्तस्राव कमी करण्याच्या गोळ्या घ्या, दर तीन महिन्यांनी दाखवा. त्रास वाढला तर ऑपरेशन आहेच." तीन वर्षांनी पाळी गेली, गाठी आकसल्या. पंचवीस हजारांची पिशवी जिथल्या तिथे राहिली. सौ. आज पहिल्या रांगेत बसली आहे आणि मी काय काय सांगतो आहे याकडे तिचे बारीक लक्ष आहे.

यातली एक गोष्ट मी वारंवार आठवतो. पहिल्या डॉक्टरांनी कॅन्सरची भीती घातली, पण कॅन्सरची तपासणी केली नाही. मॅडमनी भीती घातली नाही, तपासणी मात्र केली. म्हणून जो कमी तपासण्या सांगतो तो प्रामाणिक आणि जो जास्त सांगतो तो लबाड, असे सोपे गणित मांडू नका. तपासणी कशासाठी आणि तिच्या निकालाने पुढचे काय बदलणार, हे जो सांगू शकतो तो खरा.

पुढे २०१२ साली आपल्याच छत्तीसगढमध्ये गर्भाशय कांड गाजले, ते आपणा सर्वांना आठवत असेल. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेचे कार्ड हातात असलेल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांना कॅन्सरची भीती घालून त्यांची गर्भाशये काढली गेल्याच्या तक्रारी झाल्या. चौकशी झाली, काही डॉक्टरांची नोंदणी निलंबित झाली. मी वर्तमानपत्र हातात घेऊन कितीतरी वेळ बसून होतो. तीच वाक्ये, तीच घाई. फरक एवढाच की त्या बायकांच्या शेजारी सिस्टर राहत नव्हती. आपल्या महाराष्ट्रातही २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. पाहणी केलेल्या ब्याऐंशी हजारांवर बायकांपैकी तेरा हजारांवर बायकांचे गर्भाशय काढलेले निघाले. तिथे भीतीच्या जोडीला खाड्याचाही हिशेब होता. पाळीच्या दिवसांत काम बुडते, मजुरी जाते, म्हणून पिशवीच काढा. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये, डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर, अशी अनावश्यक ऑपरेशने रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणा, असा आदेश राज्यांना दिला. ज्या राज्यांमुळे ही याचिका झाली त्यांत आपले छत्तीसगढ होते, बिहार आणि राजस्थान होते.

हा धंदा झाला कसा? डॉक्टर काही आईच्या पोटातून लोभी जन्माला येत नाहीत. खासगी मेडिकल कॉलेजची फी आज कित्येक लाखांच्या घरात गेली आहे. शिकून बाहेर पडल्यावर यंत्राचे कर्ज, जागेचे कर्ज. मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलात नोकरी धरली तर महिन्याला किती ऑपरेशने, किती तपासण्या, याचा हिशेब मॅनेजर विचारतो. रोगी पाठवणाऱ्याला कट द्यावा लागतो आणि तो कट शेवटी आपल्या बिलातूनच निघतो. पुण्याचे डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी देशभरच्या ७८ डॉक्टरांशी बोलून हे सगळे २०१६ साली पुस्तकात मांडले. बोलणारे सगळे डॉक्टरच होते आणि आपल्याच व्यवसायाबद्दल पोटतिडकीने बोलत होते. मला त्यातून दिलासा मिळाला. मनात सल असलेले डॉक्टर आहेत. ते आपल्याला भेटत नाहीत, कारण त्यांच्या मोठ्या जाहिराती नसतात.

आणि आपण काय करतो? माझी मावशी वर्धेहून यायची. साधी सर्दी झाली की डॉक्टरकडे चल. डॉक्टर म्हणाला, गरम पाणी प्या, तीन दिवसांत बरे वाटेल, की बाहेर येऊन मावशीचा शेरा ठरलेला: "हा कसला डॉक्टर? सुईपण टोचली नाही!" पुढच्या वेळी ती अशाकडे जायची जो सलाइन लावायचा, इंजेक्शन द्यायचा आणि दोनशे रुपये घ्यायचा. खरे सांगणारा डॉक्टर रिकामा बसला आणि सलाइनवाल्याकडे रांग लागली, ती आपणच लावली. सल्ल्याचे पैसे द्यायला आपला हात मागे येतो, सुईचे मात्र आपण आनंदाने देतो. मग डॉक्टर सुईच विकणार.

इथपर्यंत मी शहाणा ठरलो. आता माझ्या मूर्खपणाची गोष्ट सांगतो. ज्याची ही गोष्ट आहे त्याची परवानगी घेतली आहे. तो तिसऱ्या रांगेत बसला आहे.

सौ.च्या प्रकरणानंतर मी स्वतःला मोठा जाणकार समजू लागलो होतो. गर्भाशय कांडाची कात्रणे फायलीला लावली होती. कोणी हॉस्पिटलचे नाव काढले की मी कात्रणे काढायचो. २०१३ साली माझ्या या मित्राला जिना चढताना छातीवर दडपण येऊ लागले. मग दोन दिवस बसल्या जागीही येऊ लागले, घाम सुटू लागला. तो एका खासगी डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि म्हणाले, आजच ॲडमिट व्हा. मित्राने बाहेर येऊन मला फोन केला. मी ऐकले आणि म्हणालो, "अबे, घाबरवणे हाच त्यांचा धंदा आहे. आधी दुसरे मत घे. सोमवारी आपण दोघे नागपूरला जाऊ." तो दिवस शुक्रवार होता.

शनिवारी रात्री त्याला झटका आला. हॉस्पिटलात पोचेपर्यंत पहाट झाली. ज्या डॉक्टरवर मी संशय घेतला होता, त्यानेच धावपळ करून अँजिओप्लास्टी केली. मित्र वाचला, पण हृदयाचा बराच भाग गेला. संध्याकाळी सेक्टरभर चक्कर मारणारा हा माणूस आता कोपऱ्यावरच्या पानटपरीपर्यंत जाऊन बसतो. त्याने मला आजवर एका शब्दाने बोल लावलेला नाही. त्याची बायको, आमच्या वहिनी, वर्षभर माझ्याशी मोजकेच बोलत होत्या, आणि त्यांचे बरोबर होते.

पुढे एकदा त्या डॉक्टरांना भेटून मी सगळे सांगून टाकले. ते म्हणाले, "शंका जरूर घ्या. पण अशा वेळी ॲडमिट होऊन, इथे बसून घ्या. घरी जाऊन घेऊ नका." नंतर कागदावर आकृती काढून त्यांनी मला फरक समजावला. चालताना, चढताना दुखते, थांबले की थांबते, आणि महिनोन्महिने तसेच आहे, तर बहुतेकदा विचार करायला वेळ असतो. पण दुखणे नव्याने आले, वाढत चालले किंवा बसल्या जागी येऊ लागले, तर वेळ नसतो.

यातल्या पहिल्या प्रकाराबद्दल पुढे एक मोठा अभ्यास झाला. पाच हजारांवर रुग्ण, अनेक देश, त्यांत भारतातलेही रुग्ण होते. २०२० साली तो प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की अशा स्थिर दुखण्यात आधी चांगली औषधे देऊन पाहिली आणि लगेच स्टेंट किंवा बायपास केले नाही, तरी मृत्यूचे किंवा झटक्याचे प्रमाण वाढत नाही. स्टेंटने दुखणे कमी होते, तो फायदा आहेच. मुख्य धमनीतच मोठा अडथळा असेल तर मात्र गोष्ट वेगळी. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे झटक्यात, तोच स्टेंट जीव वाचवतो. वस्तू एकच, प्रसंग दोन. हा फरक मला ठाऊक नव्हता आणि मी सल्ला देत सुटलो होतो.

तेव्हा मित्रहो, खोट्या डॉक्टरवर विश्वास ठेवल्याची किंमत असते, तशी खऱ्या डॉक्टरवर अविश्वास दाखवल्याचीही असते. धंदेवाईकपणाने आपले पैसे जातात, हे सर्वांना दिसते. पण खरे सांगणाऱ्याचा शब्दही आपल्याला खरा वाटेनासा होतो, हे नुकसान त्याहून मोठे. माझ्या मित्राने ते सोसले.

म्हणून दुसरे मत घेताना आधी घड्याळ पाहायचे. छातीत दडपण आणि घाम, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोबडी वळणे, धाप, शुद्ध हरपणे, न थांबणारा रक्तस्राव, या वेळी जवळचे सुसज्ज हॉस्पिटल गाठायचे. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. तिथे बिलाचा विचार नंतर. पण गुडघा बदलणे, गर्भाशय काढणे, त्रास न देणारे पित्ताशयातले खडे, पाठीच्या मणक्याचे ऑपरेशन, स्थिर दुखण्यातला स्टेंट, इथे बहुधा आठ-पंधरा दिवस मिळतात. तिथे जो म्हणतो 'उद्याच', त्याला विचारा, 'उद्याच का?' खरा डॉक्टर कारण सांगेल. मणक्याच्या दुखण्यात पायातली ताकद जाऊ लागली तर खरेच घाई असते, आणि तो तसे सांगेलही.

माझ्या ठोकताळ्यातल्या काही खुणा सांगतो. चांगला डॉक्टर अंगाला हात लावून तपासतो, केवळ रिपोर्ट वाचत नाही. जुने कागद मागतो. 'थांबून पाहू' म्हणायची त्याला लाज वाटत नाही. 'हे माझ्या कक्षेतले नाही' असेही तो म्हणतो. दुसरे मत घेतो म्हटले तर त्याच्या कपाळाला आठी पडत नाही, उलट तो कागद नीट लिहून देतो. अमुकच लॅब, अमुकच मेडिकल दुकान, असा हट्ट धरत नाही. आणि रोग्याशी बोलतो. माझ्यासारख्या नवऱ्याशी नाही, जिला दुखते आहे तिच्याशी.

डॉक्टरकडे जाताना चार प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्यावेत. हे कशासाठी? न केल्यास काय होईल? दुसरा मार्ग कोणता? आणि किती दिवस थांबता येईल? खर्चाचा प्रश्न पाचवा. तो विचारण्यात कमीपणा नाही. २०१७ साली सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची किंमत २९,६०० रुपये ठरली. त्याआधी त्याच वस्तूसाठी लोकांनी लाखाच्या वर मोजले होते. बिलाचा तपशील मागितला नाही तर हे कळणार कसे?

आपले काही हक्कही आहेत. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत त्याचे कागद द्यावे लागतात, आणि रोगी पाठवल्याबद्दल कमिशन देणे-घेणे हे गैरवर्तन आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने रुग्णहक्कांची सनद तयार केली आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारने ती राज्यांकडे पाठवली. दुसरे मत घेण्याचा हक्क, तपशीलवार बिलाचा हक्क, औषधे हव्या त्या दुकानातून घेण्याचा हक्क, हे सगळे तिच्यात आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली यांच्या खटल्यात सांगितले की दुर्बिणीने तपासण्याची संमती म्हणजे गर्भाशय काढण्याची संमती नव्हे, आणि बाई सज्ञान असेल तर तातडीचा प्रसंग सोडून आईने दिलेली संमतीही चालत नाही. म्हणून ऑपरेशनच्या कागदावर सही करण्याआधी तो वाचा. इंग्रजी कळत नसेल तर समजावून मागा. हक्क भांडून घ्यायचे नसतात असे मी म्हणत नाही, पण निम्मे काम नम्रपणे विचारल्याने होते. डॉक्टरच्या अंगावर धावून जाणे हा तर निव्वळ गुन्हा आहे. मारहाणीच्या धास्तीने डॉक्टर अवघड रोगी दुसरीकडे पाठवू लागले, तर नुकसान रोग्याचेच.

चांगले वैद्यक आपल्यापासून फार दूरही नाही. आपल्या प्लांटला ज्या दल्ली-राजहराच्या खाणींतून लोहखनिज येत आले, तिथल्या खाणकामगारांनी शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली १९८३ साली शहीद हॉस्पिटल उभारले. वर्गणी कामगारांची, विटा वाहणारे हातही कामगारांचे. बिलासपूरजवळ गनियारीला दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेल्या डॉक्टरांनी जन स्वास्थ्य सहयोग सुरू केले. आपल्या विदर्भात गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग, मेळघाटात बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे. ही नावे घेतली की आपण टाळ्या वाजवतो. पण गुडघा दुखला की आपण गडचिरोलीला जाणार नाही. आपल्याला डॉक्टर हवा तो आपल्या सेक्टरजवळ. तो थोर नसला तरी चालेल, सरळ असावा.

असा डॉक्टर आजारपणाच्या रात्री सापडत नाही. तो बरे असताना शोधून ठेवावा लागतो. जवळपासचा एखादा साधा एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टर निवडा. त्याचा नोंदणी क्रमांक राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे तपासता येतो. वर्षातून दोनदा बीपी, साखर दाखवायला त्याच्याकडेच जा, सल्ल्याची फी कुरकुर न करता द्या, आणि दर वेळी डॉक्टर बदलू नका. मोठ्या हॉस्पिटलचा कागद हातात आला की आधी त्याला दाखवा. पाच वर्षांत तो तुम्हाला ओळखू लागेल. जुना फॅमिली डॉक्टर गेला म्हणून आपण रडतो, पण त्याला आधी फॅमिलीने सोडले.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपण इथे पन्नास-पन्नास वर्षे राहिलो, पण आपले सख्खे वर्ध्याला, अकोल्याला, सातारला. मुले पुण्यात, बंगळुरात, कोणाची परदेशात. रात्री दोन वाजता हॉस्पिटलच्या काउंटरवर आपण नवरा-बायको दोघेच असतो. त्यातला एक आजारी आणि दुसरा घाबरलेला. तिथे समोरचा म्हणेल तिथे आपण सही करतो. तिसरे माणूस सोबत असेल तर निम्म्या चुका टळतात. आमच्या वेळी ती सिस्टर होती. म्हणून मंडळाने डॉक्टरांची यादी करण्याच्या भानगडीत पडू नये, त्यातून वादच होतील. सोबत जाणाऱ्यांची यादी करावी. निवृत्त नर्सबाई, फार्मासिस्ट, गाडी असलेला तरुण, हिशेबात पक्का असा एखादा अकाउंट्सवाला. दहा नावे आणि फोन नंबर. त्यांनी सल्ला द्यायचा नाही, तेवढे मी करून पाहिले आहे. त्यांनी फक्त बरोबर जायचे, चार प्रश्न विचारायची आठवण करायची आणि कागद सांभाळायचे.

यादीत पहिले नाव माझे घाला. तिसऱ्या रांगेतून हात वर झालेला मला दिसतो आहे. तो म्हणतो, दुसरे नाव माझे. चालेल. तो काउंटरजवळच्या खुर्चीवर बसेल, धावपळ मी करीन.

आरतीची वेळ झाली आहे, मी थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!